आंबट द्राक्षं कुणी खाल्ली? पाप, आजार आणि बायबलचं वाचन

माझ्या मावशीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी फुलं आणली, कुणी शहाळं. डायलिसिसच्या पेशंटला शहाळं चालत नाही, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, असं सिस्टरने दटावल्यावर ते मी प्यायलो. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या प्रार्थना सभेतल्या एक बाई आल्या. मावशीचा हात हातात घेऊन त्यांनी बराच वेळ प्रार्थना केली, त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. निघताना मात्र वाकून हळूच म्हणाल्या, "ताई, मनात काही राहिलंय का? असेल तर प्रभूपुढे मोकळं करा. मधला अडसर निघाला की बरं व्हायला वेळ लागत नाही."

त्या रात्री मावशीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मला म्हणाली, "अरे, लहानपणी ओझरला शेजारच्या मळ्यातले पेरू चोरले होते आम्ही. ते पण आठवलं बघ." बासष्ट वर्षांचं आयुष्य तिने एका रात्रीत चाळून काढलं होतं. वीस वर्षांचा मधुमेह आणि जवळपास तेवढाच जुना रक्तदाब फाइलमध्ये ठळक लिहिलेला होता. किडन्या निकामी करणारी ही जोडी कुठल्याही डॉक्टरला चांगलीच ओळखीची. पण फाइल 'कसं झालं' ते सांगते, 'मलाच का' ते सांगत नाही.

त्या बाई वाईट मनाच्या नव्हत्या. त्यांच्याकडे बोलायला वचन, म्हणजे बायबलमधली ओळ, होतं. मावशीच्या बाजूने तणतणत उठलेल्या माझ्या आईकडेही वचनच होतं. दोघींच्या पिशवीत तेच मराठी बायबल. मग एकाच ग्रंथातून दोन उलट उत्तरं निघतात कशी? मी धर्मगुरू नाही. बरीच वर्षं रविवारची शाळा घेतली आणि पोरांच्या प्रश्नांपायी वाचत राहिलो, एवढंच माझं भांडवल.

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी आणला असंही नाही. 'कुठल्या जन्मीचं भोगतोय कोण जाणे' हे वाक्य मराठी कानाला सवयीचं आहे. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी देशभरातून माणसं येतात आणि घरातल्या अडचणींचं मूळ पितरांपाशी शोधतात. आमची ख्रिस्ती घरंही याच मातीतली. माझी आजी चर्चला कधी चुकली नाही, पण घरात कुणी अंथरुणाला खिळलं की 'कुणाचा तरी तळतळाट लागला' हे तिच्या तोंडून निघायचंच. त्यामुळे एखादा उपदेशक 'पिढ्यांचा शाप' म्हणाला की आम्हाला ते पटायला वेळ लागत नाही.

नाशिकमध्येच तीन ठिकाणी जाऊन बघा. शरणपूरची वस्ती एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने वसवली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. ती अँग्लिकन परंपरा १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. अशा जुन्या चर्चमध्ये पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं वाचतात आणि प्रार्थनेच्या शेवटी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणतात. नाशिक रोडला बाळ येशूचं मंदिर आहे. तिथे फेब्रुवारीच्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं नवस घेऊन येतात, आणि कॅथलिक फादर आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून त्याला औषधं चालू ठेवायलाही सांगतात. तिसरं ठिकाण म्हणजे भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या सभा. तिथे कीबोर्ड असतो, टाळ्या असतात आणि साक्ष असते: डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रभूने उभं केलं. माझी मावशी तिन्हीकडे जाते. नाशिकचे पुष्कळ ख्रिस्ती असेच आहेत. रविवारी आपलं चर्च, शुक्रवारी सभा, फेब्रुवारीत बाळ येशू. सिद्धांताची भांडणं पाळकांची, माणसं मात्र जिथे बरं वाटेल तिथे जातात.

त्या बाईंची बाजू

सुरुवात त्यांच्या बाजूने करतो, कारण ती कच्ची नाही. बायबलच्या जुन्या करारात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आज्ञा पाळल्या तर आशीर्वाद आणि मोडल्या तर शाप, असा उघड हिशेब आहे. शापांच्या यादीत क्षय, ताप, गळवं, वेड, अंधत्व हे सगळं येतं. मिर्याम आपल्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध बोलते आणि तिचं अंग बर्फासारखं पांढरं पडतं. अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी खोटं बोलून नामानाकडून चांदी आणि कपडे उकळतो, आणि नामानाचं कोड त्याच्या अंगावर येतं. उज्जीया राजा याजकांचं काम बळकावून धूप जाळायला जातो, तर त्याच्या कपाळावर चट्टा उमटतो. गोष्टी लहान मुलांना कळतील इतक्या स्पष्ट आहेत.

नव्या करारातही असं आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं पडून असलेल्या माणसाला येशू बरं करतो आणि नंतर मंदिरात गाठून सांगतो: आता पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट काही होईल. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की तुम्ही प्रभुभोजन अयोग्य रीतीने घेता, म्हणून तुमच्यात बरेच जण अशक्त आणि रोगी आहेत, काही तर मेलेही. आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर अशा सभांचा पायाच आहे: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, एकमेकांजवळ पापं कबूल करावीत म्हणजे तुम्ही बरे व्हाल.

एवढं वाचून 'पाप आणि आजार यांचा काडीचा संबंध नाही' असं कुणी म्हणालं, तर तो बायबल वाचत नाही, आपल्याला हवं ते वाचतोय. माझ्या आईलाही मी हे सांगितलं. तिला आवडलं नाही.

आईची बाजू

आईचा पहिला साक्षीदार ईयोब. देवाला भिणारा, कुणाचं वाईट न करणारा माणूस. त्याची मुलं जातात, गुरंढोरं जातात आणि तळपायापासून टाळूपर्यंत गळवं उठतात. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. भेटायला तीन मित्र येतात: अलीफज, बिल्दद आणि सोफर. पहिले सात दिवस ते गप्प बसतात, आणि त्यांनी केलेली चांगली गोष्ट तेवढीच. मग तोंड उघडतात आणि अध्यायामागून अध्याय एकच मुद्दा फिरवून फिरवून मांडतात: काहीतरी केलंच असशील. शेवटी देव बोलतो, आणि त्याचा राग या मित्रांवर निघतो. ईयोबाने माझ्याविषयी योग्य ते बोललं, तुम्ही नाही, असं त्यांना ऐकावं लागतं.

आता इथे वाचण्याची एक मोठी गंमत आहे. मित्रांची भाषणं बायबलमध्येच छापलेली आहेत. त्यातलं कुठलंही वाक्य उचललं तर ते 'वचन' म्हणून भिंतीवर लावता येतं. 'तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल' अशा अर्थाची सुंदर फ्रेम मी एका घरी पाहिली आहे. ती ईयोब ८:७ ची. बोलणारा बिल्दद. तीनच ओळी आधी, ८:४ मध्ये, हाच बिल्दद मुलं गमावलेल्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं. ती ओळ कुणी फ्रेम करत नाही. वाक्य बायबलमध्ये आहे की नाही एवढंच बघून चालत नाही. कोण बोलतोय आणि पुढे त्याचं काय झालं, तेही बघावं लागतं.

दुसरी साक्ष योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) नवव्या अध्यायाची. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात: गुरुजी, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? जन्माआधीच याने पाप कसं केलं असेल, हा प्रश्न मराठी वाचकाला अडत नाही, आपण लगेच मागच्या जन्मावर जातो. यहुदी विचारात मात्र गर्भातल्या पापाचीही चर्चा होती. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ना याचं, ना आईबापांचं. देवाची कामं याच्यात दिसावीत म्हणून.

पण 'म्हणून' म्हणजे काय? देवाने आपलं काम दाखवण्यासाठी एका बाळाला आंधळं जन्माला घातलं? इथे भाष्यकारांत खरीखुरी झटापट आहे. सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नाहीत. पूर्णविराम नंतरच्या संपादकांनी दिले. म्हणून काही अभ्यासक वाक्य वेगळीकडे तोडतात: 'याने पाप केलं नाही, आईबापांनीही नाही. पण देवाची कामं याच्यात दिसावीत म्हणून आपल्याला दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे.' असं वाचलं तर येशू आंधळेपणाचं कारण सांगतच नाही. तो विषय बदलतो आणि कामाला लागतो. बहुतेक भाषांतरं जुन्याच पद्धतीने वाक्य जोडतात, आणि तसं वाचायलाही ग्रीक व्याकरणाचा आधार आहे. मला दुसरं वाचन आवडतं, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

या अध्यायाचा शेवट मात्र सगळ्यांनी वाचावा असा आहे. दिसायला लागलेला तो माणूस परूश्यांना, म्हणजे कडक नियम पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, उलट उत्तर देतो, तेव्हा ते त्याला म्हणतात, तू पूर्ण पापात जन्मलास आणि आम्हाला शिकवतोस? आणि हाकलून देतात. जो सिद्धांत येशूने सुरुवातीला नाकारला, तोच शेवटी त्याच माणसाच्या तोंडावर फेकला जातो.

लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहचा बुरूज पडून १८ जण मेल्याचा उल्लेख आहे. ते यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. लगेच पुढे 'पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुम्हीही मराल' असंही म्हणतो. म्हणजे पापाचा विषय तो सोडत नाही. मेलेल्यांकडे रोखलेलं बोट मात्र वळवून बघणाऱ्यांकडे करतो.

आणि पौलाच्या आसपासची माणसं घ्या. खुद्द पौलाला 'शरीरात काटा' होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या आजारांसाठी आणि पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असा सल्ला तो देतो. 'आधी पाप कबूल कर' म्हणत नाही. त्रफिमाला तो मिलेतात आजारी असतानाच सोडून पुढे जातो. एपफ्रदीत मरणाच्या दारात पोचतो, कारण ख्रिस्ताच्या कामासाठी त्याने जिवावर उदार होऊन धावपळ केली. ज्याच्या हातून लोक बरे होत होते, त्याच्याच सोबतीला ही अशी आजारी माणसं.

आंबलेले दात

आता द्राक्षं. नाशिकच्या माणसाला यहेज्केल संदेष्ट्याचा १८वा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. बाबेलच्या बंदिवासात पडलेल्या यहुदी लोकांत एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. आमच्या वाडवडलांनी पापं केली, भोगतोय आम्ही. यहेज्केल देवाच्या वतीने सांगतो की ही म्हण यापुढे बंद. जो पाप करील तोच मरेल. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातही तीच म्हण आहे आणि तोच नकार आहे.

पण निर्गमाच्या २०व्या अध्यायात, खुद्द दहा आज्ञांमध्ये, वडलांच्या अपराधाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, असं आहे ना? आहे. 'पिढ्यांचा शाप' तोडण्याच्या प्रार्थना याच ओळीवर उभ्या आहेत. यहेज्केलाने ती रद्द केली, असं काही अभ्यासक म्हणतात. काही म्हणतात की ती शिक्षा शापासारखी रक्तातून उतरत नाही. त्या काळी एका छपराखाली तीन-चार पिढ्या राहत, घरातल्या कर्त्याने मूर्तिपूजेचा मार्ग धरला की सगळं घर त्यात ओढलं जाई. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे दुसरं वाचन सहज पटावं. आजोबांची दारू नातवाच्या ताटापर्यंत कशी पोचते, ते आपण पाहिलेलं असतं. त्यासाठी शापाची गरज पडत नाही.

या सगळ्या वादाची किल्ली मला आमच्या एका नातेवाइकाच्या बागेत सापडली. ते निफाडकडे द्राक्षं करतात. फवारणी चुकली तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, हे खरं. पण डाऊनी आला म्हणून शेतकरी आळशी, असं निफाडच्या माणसाला तोंडावर म्हणून बघा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस लागून राहिला की नेमाने फवारणाऱ्याचेही घड जातात. चुकीमुळे रोग येऊ शकतो, एवढ्यावरून रोग दिसला की चूक झालीच असणार असं होत नाही. बायबलमधली बहुतेक 'कडक' वचनं पहिल्या दिशेची आहेत: असं वागाल तर असं होईल. ईयोबाचे मित्र आणि प्रार्थना सभेतल्या बाई ती उलटी लावतात. मिर्याम, गेहजी आणि उज्जीया यांच्या गोष्टींत कारण वाचकाला लेखक स्वतः सांगतो, बघणारा अंदाज बांधत नाही. वॉर्डातल्या खाटेशी असा लेखक उभा नसतो.

एकाच शब्दात पाच गोष्टी

भांडण वाढतं त्याचं आणखी एक कारण म्हणजे 'आजार पापामुळे' या एका वाक्यात लोक निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी भरतात. आदामापासून सगळी सृष्टीच बिघडली आणि रोग-मरण त्यातून आलं, हे एक. हे जवळपास सगळ्याच जुन्या चर्चना मान्य आहे, आणि यात मावशी, डॉक्टर आणि पाळकसाहेब सगळे सारखेच आरोपी आहेत. दारूने लिव्हर जातं, हे दुसरं. यात चमत्कार काही नाही. अमक्याला अमक्या पापाची शिक्षा म्हणून देवाने आजार दिला, हे तिसरं. आईबापांचं पोरांना भोगावं लागतं, हे चौथं. आणि पाचवं सगळ्यात अवघड: आजार कशानेही आला असो, बरं होत नाही ते लपवलेल्या पापामुळे किंवा विश्वास कमी पडल्यामुळे. पहिल्यासाठी दिलेलं वचन लोक पाचव्यासाठी वापरतात आणि समोरच्याला कळतही नाही की मध्ये विषय बदलला.

त्या बाईंनी मावशीला सांगितलं ते पाचवं. याचं मूळ शोधायचं तर यशयाच्या ५३व्या अध्यायापाशी जावं लागतं. देवाच्या दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयी तिथे म्हटलं आहे की त्याने आमची दुखणी वाहिली, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्ही बरे झालो. मत्तय यातली पहिली ओळ ८व्या अध्यायात खऱ्याखुऱ्या आजाऱ्यांना बरं करण्याला लावतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात दुसरी ओळ पापातून सुटण्याला लावली आहे. म्हणजे नव्या करारातच दोन वापर! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ए. जे. गॉर्डन आणि ए. बी. सिम्पसन यांच्यासारख्या उपदेशकांनी मत्तयाचा धागा धरून मांडलं की वधस्तंभावर पापक्षमेसोबत शरीराचं बरं होणंही मिळवून दिलेलं आहे. पुढे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर आणि चमत्कारांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीने हे उचललं. विसाव्या शतकात केनेथ हेगिन यांच्यासारख्या उपदेशकांनी त्याला टोकाला नेलं: मिळालेलंच आहे, विश्वासाने घ्यायचं फक्त. मग ज्याला मिळत नाही त्याचाच विश्वास कमी, हे ओघाने आलंच. यावर सगळ्यात धारदार टीका बाहेरून आली नाही. गॉर्डन फी हे स्वतः पेंटेकॉस्टल आणि नव्या कराराचे नावाजलेले अभ्यासक. त्यांनीच या शिकवणीला वचनांची ओढाताण म्हटलं.

दुसऱ्या टोकाला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन. सोळाव्या शतकात त्याने लिहिलं की बरं करण्याचं दान प्रेषितांच्या काळापुरतं होतं, ते थांबलं. अमेरिकन धर्मपंडित बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ साली हाच मुद्दा विस्ताराने मांडला. या बाजूला एक फायदा आहे, 'तुझा विश्वास कमी' असं कुणी म्हणत नाही. तोटाही आहे, याकोबाने तेल लावायला सांगितलंय त्याचं काय करायचं हे नीट सांगता येत नाही.

कॅथलिक चर्चचा प्रवास मला सगळ्यात रंजक वाटतो. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वैद्यांना फर्मावलं होतं की रोग्याकडे गेल्यावर आधी आत्म्याच्या वैद्याला, म्हणजे याजकाला, बोलवायला सांगा, कारण शरीराचा आजार कधी कधी पापामुळे येतो. 'कधी कधी' हा शब्द तेव्हाही होता! पुढे तेलाचा संस्कार मरणाच्या उंबरठ्यावर ढकलला गेला. फादर तेल घेऊन आले म्हणजे खेळ संपला, अशी घराघरांत धास्ती बसली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली, पोप सहावे पॉल यांनी विधी बदलला आणि तो पुन्हा आजाऱ्यांचा संस्कार झाला. आजचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो की अगदी कळकळीच्या प्रार्थनेनेही प्रत्येक आजार बरा होतोच असं नाही. शिवाय त्यांच्या बायबलमध्ये बेन सिराचं पुस्तक आहे, ज्याच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखा, त्याला देवानेच घडवलं, औषधं जमिनीतून देवानेच उगवली, असं लिहिलं आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नाही. त्यामुळे डॉक्टरांविरुद्ध बोलणारा कुणी आसा राजाचं उदाहरण देतो (पाय दुखत असताना तो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला), तेव्हा उत्तराला प्रोटेस्टंट माणसाला दुसरीकडे जावं लागतं. हिज्कीयाच्या गळवावर यशयाने अंजिराचा लेप लावायला सांगितला होता, तिथे जावं.

शब्दांचीही मेख आहे. याकोब ५:१५ मध्ये 'आजाऱ्याला वाचवील' यासाठी आलेलं ग्रीक क्रियापद 'सोझो' तारण्यालाही वापरतात आणि बरं करण्यालाही. आणि त्याच ओळीत पुढे आहे: त्याने पापं केली *असली तर* त्यांची क्षमा होईल. 'असली तर'. याकोब गृहीत धरत नाही. लेवीयाच्या १३-१४व्या अध्यायांत ज्या रोगाला आपण महारोग किंवा कुष्ठ म्हणून वाचतो, तो कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतो. म्हणजे मूळ हिब्रू शब्दात बुरशीपासून चट्ट्यांपर्यंत बरंच काही बसतं. भाषांतरातल्या एका शब्दामुळे शतकानुशतकं कुष्ठरोग्यांवर पापाचा शिक्का बसला. १८७३ साली नॉर्वेत हान्सेनने त्याचा जंतू दाखवला. पुढे वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठात बोटं आपोआप सडून गळत नाहीत. संवेदना गेल्यामुळे भाजतं, कापतं आणि कळत नाही, त्यातून ती झडतात. मिशनऱ्याचा मुलगा असलेला हा सर्जन वेदना ही देवाची देणगी आहे असं म्हणायचा.

महाराष्ट्रात हा विषय निघाला आणि पंडिता रमाबाईंचं नाव आलं नाही असं होऊ नये. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, शेकडो मुली रडून आपली पापं कबूल करत मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पेंटेकॉस्टल इतिहासात या घटनेला मानाचं पान आहे. त्याच रमाबाई १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या होत्या, आणि ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. तो बहिरेपणा गेला नाही. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. शेवटपर्यंत त्या बायबलच्या मराठी अनुवादाचं काम करत होत्या. त्यांच्यात कुठलं पाप लपलेलं होतं, असं विचारायची हिंमत मी तरी कुठल्या सभेत ऐकलेली नाही.

करिंथच्या वचनाकडे जाता जाता एकदा परतू, कारण ते राहिलं तर हा लेख एकतर्फी होईल. पौल खरंच म्हणतो की तुमच्या वागण्यामुळे तुमच्यात माणसं आजारी आहेत. पण वागणं कुठलं? श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत. पाप मंडळीचं होतं. जो आजारी पडला त्यानेच हावरटपणा केला, असं पौल कुठेच म्हणत नाही. आजारी पडले ते कदाचित उपाशी राहणारेही असतील. हा माझा तर्क, पौलाचा नव्हे.

मला विचाराल तर प्रार्थना करावी, तेल लावून घ्यावं, आणि मनावर खरंच काही ओझं असेल तर ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्यापाशी ते उतरवावं. पण खाटेवरच्या माणसाला गुन्हा शोधायला लावू नये, आणि त्याच्या गोळ्या तर कुणीच थांबवू नयेत. 'विश्वास असेल तर इन्सुलिन कशाला' हे वाक्य मी या शहरात ऐकलं आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून अडवणं हा गुन्हा आहे. इन्सुलिनचं नाव त्यात नाही, पण अंगात गेलेलं विष आणि अंगात साठलेली साखर यांत मला फार फरक दिसत नाही.

मावशीचं डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा असतं, दर वेळी चार तास. त्या बाई अजून येतात. मावशी त्यांना चहा द्यायला लावते आणि पेरूची गोष्ट त्यांनाच हसत हसत सांगते. पूर्वी त्या चार तासांत ती मोबाइलवर मालिका बघायची. आता मोठ्या टायपातला ईयोब घेऊन जाते. परवा मी शेजारी बसलो होतो, तर आठवा अध्याय मिटवून म्हणाली, "हा बिल्दद किती बोलतो रे. अजून किती राहिलेत?"

"चौतीस अध्याय," मी म्हणालो.

तिने मशीनकडे बघितलं. दोन तास दहा मिनिटं बाकी होती. चष्मा पुसला आणि नववा काढला.